बोटभर पलटण

"मामा, तुमची लढाई मी अशी उभी करून दाखवतो, की बघितल्या बघितल्या तुमाला ओळखू येईल," असं अनंता विशे भरल्या पानावर बोलून गेला, आणि नारळीभात वाढणाऱ्या त्याच्या बायकोच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. नम्रताला नवरा ठाऊक होता. ह्या माणसाने घरात आजवर एकच वस्तू स्वतःच्या हाताने उभी केली होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातली फळी. ती तिसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरणीसकट खाली आली होती.

नारळी पौर्णिमेला नम्रता भावाला राखी बांधायला मुरबाडला माहेरी आली होती, आणि अनंता जेवायला. समोर पाटावर सासरे, म्हणजे मामा, बसले होते. कोंडू देसले, फौजेतून रिटायर झालेले हवालदार, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे होते. पण ही गोष्ट कारगिलच्या सालातली. मुरबाडच्या नाक्यावर ज्याला त्याला कारगिल तोंडपाठ. मामांची लढाई जुनी झाली होती. तिला डोंगर नव्हता, बर्फ नव्हता, ती कधी टीव्हीवर लागली नव्हती. मामा तिच्याबद्दल फारसं बोलतही नसत. नदी होती, भातशेती होती, चिखल होता, एवढं सांगून विडी पेटवत.

आणि अनंताचं दुखणं वेगळंच होतं. मामांना दोन जावई. मोठा दीपेश, मुरबाडातच असतो, बंद पडलेल्या पंपाला नुसता हात लावतो आणि पंप सुरू होतो. मामा चारचौघांत सांगायचे, "दीपेशरावांच्या हातात कला हाय." मग कुणीतरी विचारायचं, आणि शहापूरचे जावई? मामा जरा विचार करून म्हणायचे, "चांगले हायेत. कुनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय." हे वाक्य लग्नापासून अनंताच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

म्हणून तो बोलून गेला.

"कशी उभी करताय?" मामांनी विचारलं.

"गणपतीत. देखावा. बोटाएवढे सैनिक, सगळे हाताने बनवलेले, हाताने रंगवलेले. परदेशात मोठमोठी माणसं करतात."

"अच्छा," मामा म्हणाले. "गौरीपूजनाला येतो मग. दीपेशरावांना पन आनतो."

आता माघार नव्हती.

परदेशातली मोठी माणसं अनंताला कुठे भेटली, तर वाशिंदला. तो तिथल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता. मॅनेजरच्या केबिनमधल्या एका गुळगुळीत मासिकात त्याने एका म्हाताऱ्या गोऱ्याचा फोटो पाहिला होता. गोऱ्याने टेबलावर अख्खी लढाई मांडली होती, आणि एका सैनिकाच्या बुटाच्या नाड्या रंगवायला म्हणे त्याला आठवडा लागला होता. ह्यात अवघड ते काय, असं अनंताला तेव्हाच वाटलं होतं. माणसाला ऑफिस नसलं की झालं.

शहापुरात त्यांच्या कॉलनीचं मंडळ दरवर्षी घरगुती देखाव्यांची स्पर्धा घेई. त्या वर्षी सगळे कारगिल करत होते. बर्फासाठी लोकांनी एवढा कापूस उचलला होता, की कुणाचं बोट कापलं तर त्याला पट्टीपुरता कापूस शेजारच्या हिमालयातून उसना आणावा लागे. आपल्या लढाईला बर्फ लागत नाही, ह्या एका गोष्टीवर अनंता खूश होता. नदी, भातशेती, पूल आणि एक पलटण. सोपं काम.

शाडू आणून त्याने ओट्यावर पहिला सैनिक घडवायला घेतला. संध्याकाळी शेजारच्या सकुबाई डोकावल्या. सकुबाई म्हणजे कॉलनीचं वर्तमानपत्र, फक्त हे दिवसातून अनेकदा निघे.

"काय करतोस रे अनंता?"

"सैनिक."

"निजलाय का?"

"उभा हाय."

सकुबाईंनी मान तिरकी करून बघितलं. "मग दमलाय बिचारा. बसव त्याला."

अनंताला राग आला, पण तेवढ्यात सैनिकाचं डोकं घरंगळून छातीवर आलं आणि तिथेच बसलं. दुसरा सैनिक बंदुकीच्या वजनाने पुढे वाकला तो वाकलाच. तिसऱ्याला नम्रताने चुकून दिवा समजून देवापुढे ठेवला. थोडक्यात, बुटाच्या नाड्यांपर्यंत प्रकरण पोचेना. चौथ्या दिवशी अनंताने शाडूची पाटी उचलली आणि गणपतीच्या कारखान्यात लडकू पेंटरकडे गेला.

लडकू पेंटर तेव्हा गणपतींनी वेढलेला होता. कुणाला सोंड लावायची होती, कुणाला रंग. पण गडी हौशी. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढा बारका साचा माज्याकडं एकच हाय. उंदराचा."

"उंदीर कसा चालंल रे?"

"का नाय? बसलेला हाय. म्होरचे पाय वर. हातात मोदक हाय, तो काढला का बंदूक. कान दाबले का हेल्मेट. तोंड जरा ठोकून देतो, नाक आत जाईल."

अनंताने डोळे मिटून कल्पना केली. गुडघे दुमडून बसलेला, दोन्ही हात पुढे, नजर समोर. लष्करी शिस्तीत बघितलं तर हा उंदीर मुळात नेमच धरून बसला होता, आपल्याच लक्षात आलं नव्हतं. आता गणपतीच्या पायाशी बसणाऱ्या उंदराला फौजेत भरती करणं धर्मात बसतं की नाही, हा विचार त्याच्या मनात आला, पण त्याला गौरीपूजनाचीही तारीख आठवली, आणि विचार गेला.

तीन दिवसांनी पलटण घरी आली. लडकूने ती उत्साहाच्या भरात रंगवूनही दिली होती. रंग गणपतीचाच, गुलाबी. वर्दी पीतांबराच्या पिवळ्यात निळा घालून केलेली, पोपटी. आणि डोळे. मोठे, पाणीदार, अर्धवट मिटलेले, जगाला क्षमा करणारे डोळे.

"साहेब, डोळे म्हनलं का माजा हात तसाच जातो," लडकू म्हणाला. "आता उंदराचे थोडेच काढनार."

अनंताने पाटावर इकडे आपली पलटण, तिकडे शत्रूची, अशी मांडणी करून बघितली. दोन्ही बाजूंचे जवान एकमेकांकडे इतक्या मायेने बघत होते, की लढाई होण्याची काही आशाच उरली नव्हती. सकुबाई आल्या, त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि शत्रूला हळदकुंकू वाहिलं.

सगळं पुन्हा रंगवणं आलं. अनंता कंपनीतून घरी आला की सासूने दिलेल्या लाकडी पाटावर पलटण मांडायचा आणि बसायचा. शेपट्या ब्लेडने कापायच्या. ज्याची शेपटी मुळातून निघाली नाही, तिचा उरलेला गड्डा पाण्याची बाटली म्हणून रंगवायचा. मग चेहरे, मग वर्दी, मग पट्टे. बंदुकांसाठी अगरबत्तीच्या काड्या तोडून चिकटवल्या. रेघ सरळ यावी म्हणून श्वास रोखायचा, आणि श्वास रोखला की नेमकी नम्रता विचारायची, "जेवायला वाढू का?" की जवानाच्या गालावरून हिरवा पट्टा थेट कानापर्यंत. घरात डाळीला टर्पेंटाइनचा वास येऊ लागला. एकदा त्याने ब्रश चहात धुतला आणि चहा प्यायला. त्यानंतर दोन दिवस त्याला कशाचीच चव लागली नाही, त्यामुळे डाळीचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

पण पलटण हळूहळू पलटणीसारखी दिसायला लागली, हे खरं. राहिले हवालदार कोंडू देसले.

सगळ्या देखाव्याचा जीव ह्या एका बोटभर माणसात होता. तो मामांनी ओळखला तर सगळं मिळवलं. आणि मामांना ओळखायची खूण म्हणजे मिशी. मामांची मिशी मुरबाड तालुक्यात माणसाच्या आधी पोचायची. अनंताने ती काळ्या रंगाने काढून बघितली, हवालदारांनी जांभळं खाल्ल्यासारखं दिसलं. दोरा चिकटवला, दोरा लोंबला. अस्सल मिशीला अस्सल केसच हवेत, हे त्याच्या लक्षात आलं. तो आरशासमोर गेला आणि स्वतःच्या मिशीचं डावं टोक कात्रीने जरासं घेतलं.

हवालदारांना मिशी फक्कड बसली. अनंताला मात्र आरशात डावी बाजू हलकी वाटली, म्हणून त्याने उजवी कमी केली. मग उजवी जास्त गेली, म्हणून डावी. वाण्याच्या तराजूसारखं हे चाललं, आणि शेवटी नाकाखाली जे उरलं ते ठेवण्यात काही अब्रू नव्हती. त्याने नवीन ब्लेड लावून सगळी साफ केली.

आता आमच्या बाजूला माणूस मिशी एकदाच उतरवतो, बाप गेल्यावर. हे अनंताला माहीत नव्हतं असं नाही. पण कलाकाराचं लक्ष कलेत असतं.

सकाळी नळावर सकुबाईंनी त्याला बघितलं. कळशी खाली ठेवली. पदर तोंडाला लावला.

"कधी झालं रे?"

"काल संध्याकाळी," अनंता म्हणाला. त्याला वाटलं, ही चौकशी मिशीचीच.

"लय तरास झाला का?"

"छे. ब्लेड नवं होतं."

सकुबाई त्या उत्तरावर थांबल्या नाहीत. दुःखात माणूस काहीही बोलतो. अनंता अंघोळ करून बाहेर येतो तो दारात चटया पडलेल्या. कॉलनीतली माणसं डोक्याला रुमाल बांधून बसलेली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पिठलंभात आणून दिला होता. दळण घेऊन आलेल्या नम्रताने गर्दी बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं, काय झालं असेल ते ओळखलं, आणि आधी पिठलंभात आत नेऊन ठेवला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच रंगाचा वास नसलेलं जेवण घरात आलं होतं.

खरी अडचण दुपारी आली. मंडळाचा अध्यक्ष रोशन आला आणि अनंताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अनंताभाऊ, नाव काढलंय तुमचं स्पर्धेतून. इलाज नाय. सुतकात गणपती बसत नाय."

"अरे, बाबा जिवंत हाय माजा. खर्डीला हाय."

"पयल्यांदा सगळ्यांना तसंच वाटतं. मन मानत नाय."

"रोशन, मी फक्त मिशी काढली रे."

"मग कुठं हाय मिशी?"

"मामांना लावली."

रोशनचा चेहरा आणखी पडला. "मामा पन गेले?"

अनंताने त्याला आत नेऊन हवालदार दाखवले. रोशनने ते बघितले, पण कमिटीचं काम कमिटीच्या रीतीने चालतं. त्याला एकट्याला सूतक उठवता येत नव्हतं. शेवटी ठरलं की वडील मंडळाच्या मंडपात समक्ष हजर झाले तर नाव परत घालायला कमिटीची हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी अनंता खर्डीला गेला. मंगळूबाबा बांधावर बसून भाकरी खात होते. मुलाचं तोंड बघून त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग स्वतःकडे.

"माजी उतरवलीस व्हय रे?"

अनंताने सगळं सांगितलं. बाबा चिडतील असं त्याला वाटलं होतं. पण बाबांनी हात धुतले आणि विचारलं, "लोकं बसली होती दारात? किती बसली होती?"

"बरीच."

"चल, बघू कोन कोन आलतं."

मंडपात बाबांचं जंगी स्वागत झालं. कमिटीने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, चालवून बघितलं. बाबांनीही उलटतपासणी सोडली नाही. "सकू, तू रडलीस असं ऐकलं. चांगलं केलंस गो. आनी रोशन, तू का नाय रडलास रे?" रोशनने कमिटीवर ढकललं. अनंताचं नाव परत लागलं. मेलेल्या माणसाला शहापुरात एवढा मान मिळतो हे कळल्यावर बाबा काही लगेच खर्डीला परत गेले नाहीत. गौरीविसर्जनापर्यंत राहतो म्हणाले.

आणि इथेच लढाईचा निकाल फिरला. कारण बाबांनी देखावा बघितला.

एका मोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मातीची भातखाचरं होती, मधून निळी नदी, नदीवर काड्यांचा पूल. खाचरांत भात म्हणून अनंताने हिरव्या रंगाचा लाकडी भुसा पसरला होता. बाबांनी भुसा चिमटीत धरला, हुंगला आणि म्हणाले, "हे काय?"

"भातशेती."

"कोनाची?"

"मामांच्या लढाईतली."

"अनंता, आपल्या घरात भाताचं बी असताना तू भुशाची शेती करतो? व्याही काय म्हनतील? कुनब्याचं घर हाय का वखार?"

बाबांनी खर्डीहून घरचं झिनी जातीचं भात मागवलं, फडक्यात बांधून मोड आणले, आणि भुसा झाडून खाचरांत पेरलं. अनंतालाही पटलं. चतुर्थीला गणपती बसला तेव्हा खाचरांवर कोवळी हिरवी लव आली होती, आणि तिच्यात पलटण नेम धरून बसली होती. बघायला आलेली माणसं वाकून वाकून बघत होती. आरतीच्या वेळी सकुबाईंना बंदुका ह्या अगरबत्त्या वाटल्या, काही काड्यांना मसाला राहिला होताच, आणि त्यांनी भक्तिभावाने आपली पहिली फळी पेटवून दिली. सगळीकडे धूर झाला. लोक म्हणाले, गोळीबार झकास दाखवलाय. अनंता नम्रपणे म्हणाला, "थोडा विचार केला, झालं." नम्रताने त्याच्याकडे बघितलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपल्याही हातात काहीतरी आहे.

भात मात्र वाढत होतं.

वर शंभराचा बल्ब, खाली भिजलेली माती. तिसऱ्या दिवशी रोपं जवानांच्या कमरेला लागली. चौथ्या दिवशी हेल्मेटला. अनंता कात्री घेऊन आला तर बाबा ट्रेपुढे मांडी घालून बसलेले. "उभ्या पिकाला कात्री लावतोस? अजून पोटरी नाय धरली त्यानं, कनीस तर लांबच." अनंता कामाला गेला की बाबा खाचरांत पाणी भरत, कारण भाताला पाणी उभं लागतं. चिमूटभर युरियाही त्यांनी घातला होता, हे पुढे कळलं. शाडूच्या जवानांना पाण्याचं वावडं असतं, हे बाबांना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या मते जवानाला कशाचंच वावडं नसतं.

स्पर्धेची कमिटी आली. रोशनने सगळीकडून बघितलं आणि विचारलं, "अनंताभाऊ, विषय काय म्हनून लिहू?"

"लढाई."

रोशनने भाताकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि शेती असं लिहून तो पुढच्या हिमालयाकडे गेला.

त्याचं अनंताला काही नव्हतं. त्याचा जीव गौरीपूजनात अडकला होता. त्या दिवशी सकाळीच मामा आले. मागे दीपेश, हातात मिठाईचा पुडा. मामांनी गणपतीला नमस्कार केला, गौरीला केला, जिवंत व्याह्यांना केला आणि ट्रेसमोर येऊन उभे राहिले. वीतभर उंचीचं, घनदाट, हिरवंगार भात पंख्याच्या वाऱ्यावर डुलत होतं.

"लढाई कुठं हाय?" मामांनी विचारलं.

"आत हाय मामा."

"रोप मातर एक नंबर हाय भाऊ," दीपेश म्हणाला. त्याला खरंच आवडलं होतं, म्हणून जास्त लागलं.

"घरचं झिनी," बाबा म्हणाले.

अनंता भिंतीकडे बघत उभा राहिला. आता मामा म्हणणार, चांगले हायेत, कुनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. मरेपर्यंत तेच.

मामा खाली बसले. दोन बोटांनी त्यांनी भात बाजूला सारलं आणि आत बघितलं. आत पाण्यात पलटण कमरेपर्यंत रुतली होती. वर्द्या विरघळून सगळ्यांना चिखलाचा रंग आला होता. आपला कोण, शत्रूचा कोण, काही कळत नव्हतं. कुणी अर्धवट वितळून शेजाऱ्याला टेकला होता. काड्या तेवढ्या वर होत्या.

पंखा फिरत होता, भात हलत होतं.

"असंच होतं," मामा म्हणाले.

अनंताने भिंतीवरची नजर काढली.

"म्होरचा मानूस दिसायचा नाय. नुसतं भात हलायचं. वाऱ्यानं हललं का मानसानं, कळायचं नाय. पाय काढला तर बूट आतच. माज्या बाजूला एक पोरगा होता, तो मला धरून बसलेला, असाच." मामांनी त्या टेकलेल्या जवानाला बोट लावलं. "हे मी घरात कुनाला सांगितलं नाय. तुमाला कसं कळलं जावईबापू?"

इथे खरं सांगायची संधी होती. अनंताने बाबांकडे बघितलं. बाबा पाणी घालायचा तांब्या हळूच पाठीमागे नेत होते.

"अंदाज येतो मामा, काम करता करता," अनंता म्हणाला.

मामा दीपेशकडे वळले. "बघितलंत? ह्याला म्हनतात हात." दीपेशने मान हलवली. अनंताने कॉलर सरळ केली. नम्रता दारात उभी होती, तिने पदराने डोळे टिपले, आणि हसूही टिपलं असावं.

"आनी मी कुठं हाय?" मामांनी विचारलं.

"मधोमध. पुलाच्या डाव्या अंगाला."

मामांनी भात सारलं, वाकून बघितलं. दाटी फार होती. चष्मा लावला. तरी दिसेना. मग त्यांनी विळा मागितला. बाबा लगेच आडवे आले. पोटरीत न आलेलं पीक कापू नये, पाप असतं. मामा म्हणाले, व्याही, एवढी वर्सं झाली, मला एकदा बघू तर द्या. बाबांनी विचार केला आणि परवानगी दिली, पण कापायचं तर रीतीने, मूठ धरून, बुडातून. दीपेश सकुबाईंकडून विळा घेऊन आला. मामांनी उकिडवं बसून पुलाच्या डाव्या अंगाची एक मूठ धरली आणि विळा ओढला.

पहिल्याच मुठीत भाताबरोबर हवालदार कोंडू देसले यांचं मिशीसकट मुंडकं आलं.